आधी कटऑफ, मग आवड

मुलगा इंजिनिअर व्हायच्या चार वर्षं आधी त्याचं अख्खं घर इंजिनिअर होतं. सीईटीचा निकाल लागला रे लागला, की जन्मभर विम्याचे हप्ते गोळा करणारा काका सेमिकंडक्टरवर बोलू लागतो, आत्याला डेटा सायन्सचं भवितव्य लख्ख दिसू लागतं आणि वडिलांच्या मोबाइलमध्ये मागच्या तीन वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ येऊन पडतात. ज्याचा निकाल लागलेला असतो, तो तेवढा आतल्या खोलीत झोपलेला असतो.

पुण्यातल्या एका सोसायटीतल्या अशाच एका मुलाला आपण चिरंजीव म्हणू. असे चिरंजीव दरवर्षी महाराष्ट्रात घाऊक भावात तयार होतात, त्यामुळे कुणी अंगाला लावून घ्यायचं कारण नाही. या चिरंजीवांना ९३ पर्सेंटाइल मिळाले. आजोबांनी ते ९३ टक्के आहेत असं समजून अर्धा किलो पेढे आणले. पर्सेंटाइलचा हिशोब मात्र जरा निष्ठुर असतो. समजा, तीन लाख मुलं परीक्षेला बसली, तर ९३ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे एकवीस हजार मुलं उभी असतात. पेढे संपेपर्यंत आजोबांना हे कुणी सांगितलं नाही.

या एकवीस हजारांच्या मागचं स्थानही चिरंजीवांनी कसं मिळवलं, ते सांगायला हवं. पेपर दोनशे मार्कांचा, त्यातले शंभर एकट्या गणिताचे. चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत. त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत चिरंजीवांनी गणिताच्या उरलेल्या सगळ्या प्रश्नांना एकगठ्ठा तिसरा पर्याय लावला. पुढच्या चार वर्षांचा पाया त्या पाच मिनिटांत घातला गेला.

मग कटऑफचं वाचन सुरू झालं. ही पीडीएफ ज्याने पाहिली नाही त्याने मोडी लिपी अवघड आहे असं म्हणू नये. जीओपेनएच म्हणजे जनरल ओपन, होम युनिव्हर्सिटी. एलओपेनएस म्हणजे मुलींच्या जागा, राज्यपातळी. टीएफडब्ल्यूएस म्हणजे फीमाफी, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला. वडील बँकेत होते, त्यांना कोष्टकांची भीती नव्हती. तरीही दुसऱ्या रात्री ते म्हणाले, "इथे आपलं होतंय बघ." जवळ जाऊन पाहिलं तर ती एलओपेनएसची ओळ होती.

ब्रँच कुठली घ्यावी यावर ज्याने त्याने आपापल्या तरुणपणाची बातमी सांगितली. विमावाले काका म्हणाले, "मेकॅनिकल. एव्हरग्रीन." त्यांच्या तरुणपणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात नोकरी लागली की मुलीकडचे स्वतःहून चौकशीला येत. मावसभाऊ २००१ मध्ये पास झालेला. डॉटकॉमचा फुगा नेमका तेव्हाच फुटला होता, म्हणून आयटीवर आजही त्याचा विश्वास नाही. हे तो आयटी कंपनीच्या बसमधून फोनवर सांगत होता. आजोबांना तर हा पेचच समजेना. त्यांच्या वेळी पुण्याचं १८५४ चं कॉलेज, मुंबईचं १८८७ चं व्हीजेटीआय, सांगलीचं १९४७ चं वालचंद अशी मोजकीच नावं होती. कुठली ब्रँच, असं कुणी विचारत नसे. मिळालं का, एवढंच विचारत. पुढे १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि मिळण्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. सुटलेल्या प्रश्नाने जाता जाता निवडीचा प्रश्न घरात सोडला.

या धामधुमीत आईने एक भलताच प्रश्न विचारला.

"तुला काय आवडतं रे?"

खोलीत शांतता पसरली. हा प्रश्न कुणाच्याच अभ्यासक्रमात नव्हता.

"कॉम्प्युटर," चिरंजीव म्हणाले.

"का?"

"सगळे घेतायत."

वडिलांना हे उत्तर एकदम पटलं. त्यांनी सोसायटीतला फ्लॅटही याच तत्त्वावर घेतला होता.

ऑप्शन फॉर्म भरणं हे काम वरवर साधं आहे. कॉलेज आणि ब्रँच यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने लावायच्या. पण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर काय टाकावं यावर घरात जेवढी खलबतं झाली, तेवढी चिरंजीवांच्या नावावरून बारशाला झाली नव्हती. लांबचं कॉलेज पण कॉम्प्युटर, की नावाजलेलं कॉलेज पण सिव्हिल? वडिलांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. त्यात फी, अंतर, मागच्या वर्षीचा कटऑफ, होस्टेल आणि मेस असे रकाने होते. आवडीचा रकाना शेवटी होता. कागदावर प्रिंट काढताना तो दुसऱ्या पानावर गेला आणि दुसरं पान प्रिंटरमध्येच राहिलं.

एक पर्याय तेवढा कुणीच विचारपूर्वक टाकला नाही. फॉर्म लॉक करायच्या रात्री साइट रांगत असताना आत्या म्हणाली, "घराजवळचं कॉलेज आहे ना, मग तिथलं ते इन्स्ट्रुमेंटेशन अँड कंट्रोल पण असू दे. मिळतंय थोडंच!" ते सतराव्या क्रमांकावर गेलं.

तेच मिळालं.

आता गंमत बघा. निकालाच्या दिवशी कुणालाच माहीत नसलेली ब्रँच संध्याकाळपर्यंत घराची अस्मिता झाली. वडील शेजाऱ्यांना सांगू लागले, "इलेक्ट्रॉनिक्ससारखंच असतं, पण जास्त स्कोप आहे." स्कोप या शब्दाचा उपयोगच असा आहे की तो कशाचा हे कुणी विचारत नाही. काकांनी "शेवटी सगळे आयटीतच जातात" असा दिलासा दिला, जो सोळा पर्यायांपूर्वी दिला असता तर बराच वेळ वाचला असता. रात्री वडिलांनी आणखी पुरावे गोळा केले. सुंदर पिचई आयआयटी खरगपूरला धातुशास्त्र शिकले आणि गूगलचे प्रमुख झाले. मनोहर पर्रीकर आयआयटी मुंबईतून धातुशास्त्रच शिकून निघाले आणि गोव्याचे मुख्यमंत्री झाले. अच्युत गोडबोले केमिकल इंजिनिअर. त्यांनी सॉफ्टवेअर कंपन्या सांभाळल्या आणि मराठीत अर्थशास्त्रापासून संगीतापर्यंत ग्रंथ लिहिले. अनिल कुंबळे मेकॅनिकलचा.

"म्हणजे ब्रँचचा काही संबंधच नसतो," वडील समाधानाने म्हणाले.

"मग तो तक्ता कशाला केला होता?" आईने विचारलं. वडील पाणी प्यायला उठले.

पहिल्या वर्षात चिरंजीवांची त्यांच्या ब्रँचशी गाठच पडली नाही. ही आपल्याकडची जुनी रीत आहे: ब्रँच कुठलीही असो, पहिलं वर्ष सगळ्यांचं जवळपास सारखं. ज्याला तापमान आणि दाब मोजायला शिकायचं होतं, त्याच्या हातात पहिलं साधन आलं ते कानस. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा मिळाला. तो चौकोनी करायचा, त्यात व्ही आकाराची खाच पाडायची आणि दुसऱ्या तुकड्यात तो नेमका बसवायचा. चिरंजीवांनी एक बाजू घासली, ती तिरकी झाली; ती सरळ करायला दुसरी घासली. तीन प्रॅक्टिकलनंतर लोखंडाची चिप्पी उरली. सरांनी ती हातात घेऊन विचारलं, "हा जॉब आहे की वॉशर?"

ड्रॉइंगच्या शीट्सची सोय होस्टेलवरच्या मित्राच्या खोलीत होत असे. खिडकीची काच दोन खुर्च्यांवर ठेवायची, खाली बल्ब, वर हुशार मुलाची शीट आणि त्यावर आपला कोरा कागद. या विद्येला जीटी म्हणतात आणि ती कुठल्याच पुस्तकात नाही. चिरंजीवांनी एका रात्रीत सहा शीट्स उतरवल्या. इतक्या इमानाने उतरवल्या की हुशार मुलाचा रोल नंबरही उतरला. मेकॅनिक्समध्ये केटी लागली. घरी सांगताना त्यांनी "विषय पुढच्या सेमला घेतोय" असं म्हटलं. आजोबांना वाटलं, जादा विषय घेतला. पेढ्यांची वेळ पुन्हा थोडक्यात टळली.

दुसऱ्या वर्षी ब्रँच समोर आली, ती थर्मोकपलच्या रूपात. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडायच्या. जोड तापला आणि दुसरं टोक गार राहिलं की मिलिव्होल्टमध्ये विद्युतदाब निर्माण होतो, तो मोजून तापमान कळतं. चिरंजीवांनी हा प्रयोग सीनियरच्या जर्नलमधून थेट केला. आलेख इतका सरळ आला की पट्टी लाजली असती. सर म्हणाले, "रीडिंग छान आहेत. फक्त पाण्याचा हीटर अजून लावलेला नाही."

खरी कलाटणी मिळाली ती तोंडी परीक्षेत. बाहेरून आलेले एक्स्टर्नल वयस्कर होते, उन्हातून आले होते आणि कॉलेजचा चहा पिऊन आणखी खिन्न झाले होते. त्यांनी विचारलं, "कारखान्यात सेन्सरचा सिग्नल चार ते वीस मिलिअँपिअर असतो. शून्यापासून का सुरू करत नाहीत?"

चिरंजीव बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, शून्य उपलब्ध नसेल."

एक्स्टर्नल हसले नाहीत. कागद ओढून त्यांनी टाकी काढली, तार काढली आणि तार मध्येच तोडली. टाकी रिकामी असेल तर चार मिलिअँपिअर येणार. शून्य आलं तर समजायचं, टाकीचं माहीत नाही, पण तार नक्की तुटली. रिकामं असणं आणि संपर्क तुटणं यात फरक करता यावा म्हणून ही सोय.

चिरंजीव थक्क झाले. अकरावीपासून इतक्या लोकांनी इतकं शिकवलं, पण कुणीतरी एवढा बारीक विचार करून ठेवलाय हे त्यांच्या प्रथमच ध्यानात आलं. मार्क दहापैकी चार पडले, जे विषयाला धरूनच होतं. त्या दिवसापासून घरी "अभ्यास किती झाला?" असं विचारलं की उत्तर येई, "चार मिलिअँपिअर." वडिलांना तो आकडा वाढता वाटे.

तिसऱ्या वर्षी पीआयडी कंट्रोलर आला. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्कीने जहाजाचं सुकाणू धरणारा माणूस नेमकं काय करतो याचा गणिती विचार मांडला, त्यातून हे प्रकरण वाढलं. आज साखर कारखान्याच्या बॉयलरपासून औषधांच्या कंपनीपर्यंत सगळीकडे तेच चालतं. वर्गात ते कुणाला कळेना, पण चिरंजीवांना चटकन कळलं, कारण पी, आय आणि डी ही तिन्ही माणसं त्यांच्या घरात होती. पी म्हणजे आई: आत्ता जेवढी चूक, तेवढंच बोलणं. आय म्हणजे आत्या: मागच्या सगळ्या चुकांची बेरीज करून बोलणार, आणि हिशोब चुकता होईपर्यंत थांबणार नाही. डी म्हणजे वडील: चूक कुठल्या दिशेने किती वेगाने चाललीय ते पाहून, ती व्हायच्या आधीच ओरडणार. तिघांचं प्रमाण जमलं तर घर स्थिर राहतं. आय जास्त झाला तर डोलत राहतं.

हे प्रमाण जमवण्याची एक रीत झिग्लर आणि निकोल्स या दोघांनी १९४२ मध्ये सांगितली. आय आणि डी गप्प बसवायचे, पी वाढवत न्यायचा, यंत्रणा एका लयीत हेलकावे खाऊ लागली की तो आकडा टिपायचा आणि त्याच्या साठ टक्क्यांवर पी ठेवायचा. म्हणजे समोरच्याला वेड लागायच्या बेताला न्यायचं आणि मग चाळीस टक्के सूट द्यायची. परीक्षा विभाग हीच पद्धत वापरतो असा चिरंजीवांचा कयास होता.

एवढं ज्ञान घेऊन वर्ग साखर कारखाना बघायला गेला. कंट्रोल रूममध्ये रंगीत पडदे, त्यावर बॉयलर, ड्रमची पातळी, वाफेचा दाब. चिरंजीवांनी उत्साहाने विचारलं, "काका, या लूपला पीआयडीचे आकडे काय ठेवलेत?"

ऑपरेटर काकांनी तंबाखू मळता मळता पडद्याकडे पाहिलं. "ते मॅन्युअलवर आहे."

"का?"

"ऑटोला टाकलं की हलतं."

"मग ट्यून करायचं ना!"

"गेल्या सीझनला एक इंजिनिअर आला होता ट्यून करायला. तो गेल्यावर मॅन्युअलला टाकलं."

परतीच्या बसमध्ये मुलं गाण्याच्या भेंड्या खेळत होती. चिरंजीव एकटेच वहीत काहीतरी खरडत होते. लूप का हलत असेल, व्हॉल्व्ह तर अडकत नसेल, असले प्रश्न त्यांना पडले होते. त्यांच्या मित्रांनी याचं निदान "बस लागली असेल" असं केलं.

आणि मग सोसायटीची टाकी आली. गच्चीवरच्या टाकीची मोटर वॉचमनकाका हाताने लावत आणि बंद करायला विसरत. दर दोन दिवसांनी जिन्यावरून धबधबा. चिरंजीवांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हीच टाकी मागितली. सेक्रेटरींनी दोन अटी घातल्या: खर्च सोसायटी करणार नाही आणि श्रेय सोसायटीचं राहील.

पहिल्या अवतारात टाकीत पातळीची एकच खूण होती. पाणी खुणेखाली गेलं की मोटर चालू, खुणेवर आलं की बंद. कागदावर हे निर्दोष होतं. टाकीतल्या पाण्याला मात्र लाटा असतात. पाणी खुणेवर डुचमळू लागलं आणि मोटर सुरू-बंद, सुरू-बंद अशी धाप टाकू लागली. सकाळच्या पाण्याच्या वेळी स्टार्टर ट्रिप झाला. चालू करायची पातळी आणि बंद करायची पातळी यांत अंतर ठेवावं लागतं, त्याला हिस्टेरिसिस म्हणतात, हे तिसऱ्या वर्षी शिकवलं होतं. साबण लावून उभ्या असलेल्या सोळा कुटुंबांनी ते पुन्हा शिकवलं.

दुसऱ्या अवतारात दोन खुणा केल्या. पाण्यात धातूच्या कांड्या सोडल्या; पाणी कांडीला टेकलं की विजेची वाट पुरी होणार. काही आठवडे झकास चाललं. पण एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेने कांड्या गंजतात, वर क्षाराचं पुट चढतं, आणि पाणी टेकलेलं कांडीला कळेनासं होतं. एका रात्री ते कळलं नाही. पहाटे तळमजल्यावरच्या काकूंच्या पायपुसण्याने पार्किंगपर्यंत प्रवास केला होता.

चिरंजीव गाइडसरांकडे गेले. आता अल्ट्रासॉनिक सेन्सर, वायफाय, मोबाइलवर अ‍ॅप असा बेत त्यांनी मांडला. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर चढलं की आपोआप उघडणार, उतरलं की आपोआप बंद होणार."

"कुठला कंट्रोलर वापरला सर?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाणी," ते म्हणाले.

चिरंजीव दुसऱ्या रविवारी खडकवासल्याला जाऊन आले. घरच्यांना वाटलं, कणीस खायला गेला. तिसऱ्या अवतारात टाकीत एक तरंगता फ्लोट स्विच बसला, वर आणि खाली अशा दोन पातळ्यांचा. दुसरा खालच्या हौदात बसला, म्हणजे हौद कोरडा असताना मोटर फुकट फिरून जळू नये. अ‍ॅप नाही, वायफाय नाही. रिपोर्टमध्ये मात्र "बुद्धिमान जलव्यवस्थापन प्रणाली" असं लिहावं लागलं, कारण फ्लोट स्विचला मार्क मिळत नाहीत. वॉचमनकाकांनी पहिले आठ दिवस गच्चीवर जाऊन टाकीत डोकावून खात्री केली. नंतर तेही थांबले, आणि ही त्या प्रोजेक्टला मिळालेली सगळ्यात मोठी पावती, असं या लेखकाचं मत आहे. अर्थात एक्स्टर्नलने ती मागितली नाही.

प्लेसमेंटमध्ये सगळ्या ब्रँचना खुल्या असलेल्या एका आयटी कंपनीची चाचणी चिरंजीव पास झाले आणि काकांचं भाकीत खरं ठरणार अशी चिन्हं दिसू लागली. पण त्याच आठवड्यात कारखान्यांची ऑटोमेशनची कामं करणारी एक छोटी कंपनी आली. पगार कमी, साइटवर फिरणं जास्त. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "इन्स्ट्रुमेंटेशन का घेतलंत?"

"लहानपणापासूनच मला मोजमापाची आवड होती," चिरंजीव पाठ केलेलं बोलून गेले. सतरावा क्रमांक, आत्याचं "असू दे" आणि तो एकगठ्ठा तिसरा पर्याय बालपणात विरघळून गेला. ही थाप मात्र एकट्या चिरंजीवांची समजू नये. कॅम्पसमधल्या प्रत्येक ब्रँचचं प्रत्येक मूल त्या दिवशी लहानपणापासूनच तिच्या प्रेमात होतं.

मुलाखत घेणाऱ्याने पुढचा प्रश्न टाकीवर विचारला. कांड्या का गंजल्या, तिथपासून गाडी सुरू झाली ती साखर कारखान्याचा लूप मॅन्युअलवर का होता, तिथपर्यंत गेली. दोघांचं व्हॉल्व्हवरून थोडं वाजलंही. बाहेर थांबलेल्या मुलांना वाटलं, आत कुणाला तरी काढून टाकतायत. चिरंजीवांनी ती कमी पगाराची नोकरी घेतली. घरात तीन दिवस आय आणि डी दोन्ही कमाल पातळीवर होते. पी तेवढी म्हणाली, "डबा कितीला लागेल?"

जूनमध्ये सोसायटीच्या फलकावर सेक्रेटरींच्या सहीची सूचना लागली: "टाकी व मोटर याबाबतच्या सर्व तक्रारी यापुढे वॉचमनकडे न करता तिसऱ्या मजल्यावरील इंजिनिअरकडे कराव्यात. ते कामावर गेले असल्यास त्यांच्या आईंशी संपर्क साधावा."